दोन बोटांचं अंतर

शहापूरच्या वखारीत पट्ट्याची करवत सुरू करायला महिपत सुताराला इतका वेळ लागे की तेवढ्यात आपलं दोनदा जेवण होतं, असं नामा इंजिनवाला म्हणे. नामाच्या बोलण्यात निम्मं तिखटमीठ असायचं, पण उरलेलं निम्मं खरं होतं. महिपत आधी डोक्याचं मुंडासं सोडून खुंटीला अडकवी, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर गुंडाळी आणि अंगावर लोंबणारं काही उरलं नाही ना हे दोनदा चाचपून पाही. मग वरचं मोठं चाक हाताने फिरवायचं. दातेरी पोलादी पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावर मधोमध चालतो का ते बघायचं. पट्टा बोटाने छेडायचा. आवाज बसका आला तर ताण कमी, फारच किणकिणला तर पट्टा तुटायची भीती. दात लाकडाकडे आणि खाली तोंड करून आहेत ना, एखाद्या बाजूचे बोथट झाले नाहीत ना, हेही रोजच्या रोज.

सगळ्यात शेवटी पकड. पकड म्हणजे पट्ट्याला वरून दोन्ही अंगांनी धरणारा लोखंडी ठोकळा. तो उभ्या दांडीवर वरखाली सरकतो आणि स्क्रू पिळला की जागच्या जागी बसतो. लाकूड जाड असो की पातळ, ठोकळा त्याच्या वर दोन बोटंच हवा. जास्त वर राहिला तर पट्टा उघडा पडतो, वळण कापताना लवतो आणि मग लाकूड कुठे ओढून नेईल त्याचा नेम नाही. म्हणून करवत बंद असतानाच डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं लाकडावर एकावर एक आडवी ठेवायची, ठोकळा त्यांना टेकेपर्यंत खाली आणायचा, स्क्रू पिळायचा आणि बोटं काढून घ्यायची. ही रीत महिपतला त्याच्या थोरल्या भावाने, कोंडूने शिकवली होती. कोंडूची नेमकी तीच दोन बोटं त्याच करवतीने नेली.

ते झालं सन त्रेचाळीस उजाडताना, मार्गशीर्षातल्या अमावास्येला. लढाई चालू होती, इंजिनाचं तेल परवान्यावर मिळे, आणि मिळालं की ते जळेपर्यंत काम ओढायचं असा वखारीच्या शेठचा हुकूम असे. पण अमावास्येला सुतार हत्यार धरत नाही. कोंडू तर त्या दिवशी पेन्सिलीला टोकसुद्धा काढत नसे. धाकट्या महिपतला मात्र शहराचं वारं लागलेलं. तो हसून म्हणाला होता, "दादा, हत्याराला अमावाश्या असंल. इंजिनाला कुठली आली?" थोरल्याने धाकट्याचं मन मोडायचं नाही ही कोंडूची खोड. तो म्हणाला, "बरं. शेठचं काम नाय करनार. नवसूच्या चाकाचा एक पुठा ऱ्हायलाय, तेवढा कापतो."

बैलगाडीच्या चाकाचा घेर सहा कमानी तुकड्यांचा असतो, त्या तुकड्यांना पुठे म्हणतात. वैशाखरे गावच्या नवसूने आपल्या बांधावरचा तिवस तोडून आणला होता. पाच पुठे कापून झाले होते, सहावा बाकी होता. पण आदल्या संध्याकाळी दोघा भावांनी ऐनाचा एक जाडजूड वासा चिरून पाहिला होता, त्यामुळे पकड वर चढवलेली होती. ती खाली घ्यायचं काम महिपतचं. त्याने ती घेतली नाही. विसरला असंही म्हणता येणार नाही. ती वर आहे हे त्याने पाहिलं, आणि एवढ्याशा पुठ्यासाठी कोण खटाटोप करील म्हणून हात झटकून तो बाजूला झाला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. वळणावर पट्टा लवला, लाकूड झटक्याने फिरलं आणि कोंडूचा डावा हात आत गेला.

शेठने विचारलं तेव्हा कोंडू म्हणाला, "माजंच ध्यान नव्हतं." पकडीबद्दल अवाक्षर नाही. महिपत करवतीखालच्या खड्ड्यात उतरून भुसा उपसत होता. त्याने तो सगळा भुसा चाळणीने चाळला, पण दोन बोटं काही सापडली नाहीत. आठव्या दिवशी धनुर्वाताने कोंडूचा जबडा धरला, दहाव्या दिवशी तो गेला. सुतार आळीतली माणसं म्हणाली, निदान देह पुरा जाळायला हवा होता. 

दशक्रियेला भारंगी नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी चुळबुळ करू लागले. कुणी म्हणालं, बायकोची काळजी असंल. महिपतने पुढे होऊन हात जोडले, "वैनीला मी आईवानी सांभाळीन." कावळा फांदीवरून हलला नाही. मग तो म्हणाला, "दादा, तुजं चाक मी पुरं करीन. नवसूचं." कावळा खाली आला, एकदाच चोच मारून उडून गेला. पिंड जवळजवळ तसाच राहिला, पण लोकांना घरी जायचं होतं, त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं. महिपतचं समाधान झालं नाही. तरी शब्द दिला तो दिला.

शब्द पाळणं सोपं नव्हतं. एका चाकाचे सगळे पुठे एकाच झाडाचे आणि एकाच हाताने कापलेले असावेत असा सुतारांचा दंडक. दोन झाडांचं लाकूड वेगवेगळं सुकतं आणि दोन हातांचं चाक लंगडतं. हात तर आता बदललाच होता. झाड तरी तेच ठेवायचं, तर नवसूच्या तिवसाचे तीनच ठोकळे उरले होते. तीनदाच कापून बघायची संधी, चौथी नाही. वैशाखऱ्याला निरोप गेला तेव्हा नवसूने उलट सांगावा धाडला, "कोंडूमिस्त्रीचं चाक हाय. मी मागून घेतलेल्या गाडीवर भागवतो. तुमी सावकाश करा."

माघात महिपतने पहिला ठोकळा घेतला. पत्र्याचा फर्मा ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. वळण कापायचं म्हणून रुंद पट्टा उतरवून अरुंद चढवला. कडेपासून रेघेपर्यंत चार-पाच सरळ काप आधी देऊन ठेवले, म्हणजे वळणावर टाकाऊ लाकूड तुकड्यातुकड्याने गळून पडतं आणि पट्टा अडकत नाही. दोन बोटं ठेवून पकड लावली, स्क्रू पिळला, बोटं काढली. उजव्या अंगाला उभं राहायचं नाही, कारण पट्टा तुटला तर तिकडेच फेकला जातो. लाकूड ढकलायचं नाही, नुसतं फिरवत न्यायचं. नामाने इंजिनाची वादी, म्हणजे चाक फिरवणारी चामडी पट्टी, चढवली आणि करवत गाऊ लागली.

पहिली चार बोटं काप रेघेवरून गेला. मग लाकूड जड झालं. महिपतला वाटलं, गाठ असेल. तेवढ्यात पट्टा रेघ सोडून आत शिरला आणि लाकूड हाताखालून फिरायला लागलं. त्याने हात झटकन मागे घेतले आणि ओरडला. नामाने वादी पाडली. चाकं फिरता फिरता मंदावून थांबली.

पुठा वाया गेला होता. पण महिपत पुठ्याकडे बघतच नव्हता. पकड वीतभर वर होती. स्क्रू घट्ट पिळलेला होता.

नामा आतून हात पुसत आला. त्याने एकदा पकडीकडे, एकदा महिपतकडे पाहिलं. "वर कोनी केली रे?"

"थरथरीनं सरकली आसंल. स्क्रूचे आटे झिजले असतील."

"थरथरीनं लोखंड खाली येतं, महिपत. वर जाताना मी तरी नाय पायलं." नामा नेहमीसारखा हसला नाही.

महिपत हेकट खरा, पण डोक्याने चालणारा. त्याने लोहाराकडून नवा स्क्रू करून घेतला. दांडी तेलाने पुसली, मोजली, ओळंब्यात आहे की नाही पाहिली. पंधरा दिवस शेठचं साग, हेद, खैर कापलं; त्यात वळणंही होती, पलंगाचे नक्षीदार पाय होते. पकड जिथे लावली तिथेच राही. मग एका सकाळी त्याने दुसरा ठोकळा काढला. या वेळी स्क्रूच्या जोडीला दांडीभोवती पकडीच्या वर लोखंडी तार आवळून बांधली, पक्कडीने चार पीळ दिले. तारेचा अडसर असताना पकड वर जाईलच कशी?

वळण निम्म्यावर आलं आणि लाकूड जड झालं. महिपतने या वेळी मान वर केली नाही, नजर रेघेवरच ठेवली, दात ओठांवर रोवून. डाव्या हाताच्या पाठीवर गार वारा लागल्यासारखं झालं. पट्टा लवला. तो हात सोडून मागे उडी मारून उभा राहिला.

करवत थांबल्यावर दिसलं, पकड वीतभर वर होती. तार दांडीभोवती होती तशीच होती, पीळही तेच चार. फक्त तीसुद्धा वीतभर वर गेली होती.

महिपतने वाया गेलेला पुठा बाजूला टाकला. मग वखारीच्या कोपऱ्यात गेला, शोधाशोध करून धुळीखालून एक वासा ओढत घेऊन आला. हा तोच ऐनाचा वासा, अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी दोघा भावांनी चिरलेला. त्याने तो पकडीखाली सरकवला. आणि रिकाम्या जागेत डाव्या हाताची दोन बोटं एकावर एक आडवी घातली. बरोबर बसली. ना सैल, ना घट्ट.

पकड त्या दिवशी होती तिथेच होती.

"काय मोजतोस?" नामाने दारातून विचारलं.

"काय नाय."

"मी सांगू? नवसूला म्हन, दुसरं झाड तोड. ह्यो पुठा सोड. तुजी पन बोटं दहाच हायेत."

"शबूद दिलाय दादाला."

"शबूद दिलाय, पन त्याला काय पायजे ते त्याला इचारलंस का?" नामा म्हणाला, आणि स्वतःच दचकून इंजिनाकडे वळला.

त्या दिवसापासून महिपत घरी जेवताना पानातून मान वर काढेना. वाढायला सकुबाई असे, कोंडूची बायको. तिने कधी त्याला दोष दिला नाही, कधी रडून दाखवलं नाही. दोन्ही वेळा गरम भाकरी पुढ्यात येई, आणि तो निम्मी पानातच ठेवून उठे. ही बाई एक दिवस विचारील याची त्याला भीती वाटे. आणि ती कधीच विचारणार नाही याची त्याहून जास्त वाटे. करवतीच्या लोखंडी खांबावर गेल्या दसऱ्याचा कोंडूचा पंजा अजून होता. या घराण्यात करवतीच्या पूजेला हळदीचा डावा पंजा उठवत. भटजी नाक मुरडत, पण पट्ट्याच्या जवळ डावाच हात जातो तर राखणही त्याचीच मागायला हवी, असं कोंडू म्हणे. उमटलेली पाच पिवळी बोटं. महिपत येता-जाता ती मोजायचा.

फाल्गुनात त्याने तिसरा ठोकळा काढला. शेवटचा. दुपारची वेळ होती, ऊन पत्र्यांवर तापत होतं. बाह्या गुंडाळल्या, मुंडासं खुंटीला लावलं, रेघ मारली, सरळ काप दिले. मग पकडीपाशी आला आणि हात थांबला. दारात सकुबाई भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. इंजिन नुसतंच धडधडत होतं, वादी अजून चढवली नव्हती.

महिपतने तिच्याकडे पाठ फिरवली नाही. फिरवावीशी फार वाटली, पण नाही फिरवली.

"दादा," तो करवतीला म्हणाला. आवाज फाटला, म्हणून परत मोठ्याने म्हणाला. "दादा, पकड मी वर ठेवली व्हती. इसरलो नव्हतो. कटाळा केला. तू सगळ्यांना खोटं बोललास आनि मी बोलू दिलं. वैनी, आयकलंस? तुजा धनी माज्या कटाळ्यानं गेला."

सकुबाईने फडक्याची गाठ घट्ट केली.

महिपतने स्क्रू सैल केला. दहा शेराचा ठोकळा. स्क्रू सैल झाला की तो हाताने तोलून धरावा लागतो, नाहीतर दाणकन लाकडावर आदळतो. महिपतने तो धरला नाही.

ठोकळा आदळला नाही.

तो हळूहळू खाली आला. कुणीतरी सांभाळून उतरवावा तसा.

लाकडाच्या वर दोन बोटं राहिली, आणि थांबला.

खाली काही नव्हतं. महिपत वाकून बघत होता. पलीकडचा उजेड आरपार दिसत होता. सैल स्क्रू दांडीत खुळखुळत होता आणि दहा शेर लोखंड मोकळ्या जागेवर टेकून उभं होतं.

त्याने स्क्रू पिळला नाही.

"नामा, वादी चढव."

"महिपत..."

"चढव म्हनतो ना."

करवत सुरू झाली. त्याने लाकूड पट्ट्याला लावलं. निम्म्या वळणावर ते जड झालं नाही. उलट हलकं झालं, जणू दुसऱ्या अंगाने कुणी हात लावला होता. डाव्या हाताच्या पाठीवर तोच गारवा आला आणि तिथेच राहिला. महिपतने हात काढून घेतला नाही. त्याचे डोळे रेघेवर होते. रेघ पट्ट्याखालून सरकत गेली, सुताभराचाही फरक न होता, शेवटच्या टोकापर्यंत. टाकाऊ लाकडाचे तुकडे एकेक करून खाली पडले.

वादी पडली, चाकं थांबली. त्या थांबण्याबरोबर ठोकळा दाणकन खाली आदळला.

महिपतने आधी हात वर करून पाहिले. दहा. मग पुठा उचलला आणि कोंडूच्या पाच पुठ्यांशेजारी लावला. घेर जुळला. तो तिथेच भुशात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सकुबाईने फडकं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "जबडा धरायच्या आदी तापात दोन दिस एकच म्हनत व्हते," ती म्हणाली. "पकड खाली घे रे, पकड खाली घे. मला कळलं व्हतं भावजी. तुमी कवा सांगता ते मी बगत व्हते."

"बोलली का नाय?"

"माजं बोलून काय उपेग? जेवा."

चाक तयार झालं. मधला तुंबा, बारा आरे, सहा पुठे. शहापूरच्याच लोहाराने लोखंडी धाव तापवून घेरावर चढवली. नवसू चैत्रात आला, चाक माळावर सोडून दिलं आणि ते कुठे लंगडतं का ते मागे चालत पाहिलं. ते सरळ गेलं, दूरवर, आणि थबकून आडवं झालं. नवसू म्हणाला, "एका हाताचं हाय." महिपतने त्याचं बोलणं खोडलं नाही. किन्हवलीच्या रस्त्याने गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा होता. रात्री त्याला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

पावसाळा सरला, शेतं पिवळी व्हायला लागली आणि दसरा आला. वखारीत करवतीला धुतलं-पुसलं, झेंडूची माळ घातली. कोंडूचा गेल्या सालचा पंजा आता फिका झाला होता, तरी पाच बोटं ओळखू येत. सकुबाई नारळाचं ताट घेऊन आली होती. विधवा म्हणून ती दाराबाहेरच उभी राहिली. महिपतने हळद कालवली, डावा हात मनगटापर्यंत बुडवला आणि थोरल्याच्या पंजाशेजारी लोखंडावर दाबून धरला. पाचही बोटं नीट टेकली आहेत हे त्याने पाहिलं, एकेक बोट वेगळं दाबलं, आणि मगच हात उचलला.

खांबावर अंगठा उमटला होता. आणि शेवटची दोन बोटं.

मधली जागा कोरडी, स्वच्छ लोखंडाची.

महिपतने आपला हात पाहिला. पाच बोटं, पाचही हळदीने भरलेली. त्याने चिंधीने खांब पुसला. हात परत बुडवला. परत दाबला, मनात दहा अंक मोजून उचलला.

अंगठा आणि शेवटची दोन.

नामा इंजिनाच्या टाकीकडे बघत उभा राहिला, तिथे बघण्यासारखं काही नसताना. महिपतने चिंधी खाली ठेवली. तिसऱ्यांदा पुसलं नाही. उदबत्ती लावली, नारळ घ्यायला दाराकडे वळला.

सकुबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती खांबावरच्या तीन बोटांकडे बघत होती. तिने ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, कोंडू कामावरून घरात पाऊल टाकी तेव्हा रोज घ्यायची तसा.